दर उन्हाळ्यात करपणारे पाम: कारण कसे शोधावे आणि त्या जागी काय लावावे

देशावरच्या आणि विदर्भातल्या बागांमधून एक तक्रार दरवर्षी ठरलेल्या क्रमाने येते. जून-जुलैत लावलेला पाम दिवाळीपर्यंत टवटवीत दिसतो, फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच्या झावळ्यांची टोके तपकिरी होऊ लागतात, एप्रिलमध्ये निम्म्या झावळ्या करपतात आणि मे महिन्यात मधला पोगा, म्हणजे अजून न उलगडलेली कोवळी झावळी, तीही सुकते. पाऊस सुरू झाला की त्याच खड्ड्यात त्याच जातीचे नवे रोप लावले जाते आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा तसेच घडते. पाणी वाढवून, खत घालून, बुरशीनाशक फवारून हे थांबत नाही, कारण बहुतेक वेळा दोष निगराणीत नसून निवडीत असतो. आपल्याकडे हवा उष्ण आहे, पाम उष्ण प्रदेशातले झाड आहे, म्हणून कोणताही पाम येथे जगेल, हा समज या तक्रारीच्या मुळाशी आहे.

उष्ण हवा दोन प्रकारची असते आणि झाडाच्या दृष्टीने त्या दोहोंत फार मोठे अंतर आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात तो साधारण ७०० मिलिमीटर असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट हवेतल्या ओलाव्याची आहे. एप्रिलच्या दुपारी किनारपट्टीवर सापेक्ष आर्द्रता सहसा ६० टक्क्यांच्या वर राहते, तर पुणे किंवा नागपूर येथे ती २० टक्क्यांच्या आसपास आणि काही दिवशी त्याहूनही खाली उतरते. अशा कोरड्या हवेत पानातून पाणी इतक्या वेगाने उडते की मुळांशी पुरेसा ओलावा असला तरी तो पानाच्या टोकापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. दमट अरण्याच्या सावलीत वाढणाऱ्या पामांची पाने रुंद आणि पातळ असतात, त्यामुळे पहिला फटका त्यांनाच बसतो. शिंदीसारख्या माळरानावरच्या पामाची पर्णिका अरुंद, जाड, टोकदार आणि मेणचट असते, आणि तो त्याच उन्हात उभा राहतो.

तेव्हा औषध शोधण्यापूर्वी लक्षण झाडावर नेमके कोठे आहे ते पाहावे. नुसते 'पान पिवळे पडले' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सर्वांत खालच्या, जुन्या झावळ्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके दिसत असतील आणि त्यांची टोके वाळत असतील तर पालाशाची (पोटॅशची) कमतरता असण्याची शक्यता मोठी असते. जुन्या झावळ्यांच्या कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मधला भाग हिरवा, असे दिसले तर मॅग्नेशियम कमी पडत आहे. ही दोन्ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून उणीव खाली दिसते. याच कारणाने अर्धवट पिवळी झालेली झावळी कापू नये. ती झाडाची शिल्लक असते, आणि ती कापली की झाड तिच्या वरच्या झावळीतून पालाश ओढू लागते. दर महिन्याला खालच्या झावळ्या कापून पाम स्वच्छ ठेवण्याची माळ्यांची सवय या दृष्टीने थेट हानिकारक आहे.

याउलट नवी झावळी फिकट पिवळी निघते, तिच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा लोह मिळत नसते. नवी झावळी आखूड, चुरगळलेली आणि जळाल्यासारखी बाहेर पडते, तेव्हा मँगनीज मिळत नसते, आणि रॉयल पामावर हे लक्षण विशेष आढळते. 'मिळत नाही' असे मुद्दाम म्हटले आहे, कारण ही द्रव्ये बहुधा मातीत असतात, परंतु चुनखडीच्या मातीत ती अविद्राव्य होऊन बसतात, म्हणजे पाण्यात विरघळत नाहीत. काळ्या जमिनीत पालाश सहसा भरपूर असतो आणि कोकणच्या जांभ्या मातीत तो कमी पडतो, म्हणून कोकणात जुन्या झावळ्यांवरची लक्षणे आणि देशावर नव्या झावळ्यांवरची लक्षणे अधिक दिसावीत हे स्वाभाविक आहे. कुंडीतल्या पामाला मात्र हा नियम लागू नाही. तेथे पाण्याबरोबर सगळेच वाहून जाते.

सर्व झावळ्यांची, नव्या-जुन्या दोन्हींची, फक्त टोके वाळलेली असतील तर पाणी आणि क्षार यांकडे वळावे. आळ्याच्या कडेला किंवा कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरट थर दिसत असेल तर बोअरचे पाणी जड आहे. पानाच्या टोकाशी पाणी उडून जाते आणि क्षार तेथेच साठतात. अशा ठिकाणी रोज थोडे थोडे पाणी देणे सर्वांत वाईट, कारण त्याने क्षार वरच्या थरातच राहतात. काही दिवसांच्या अंतराने, पण भरपूर पाणी देऊन ते मुळांच्या खाली उतरवावेत, मात्र त्यासाठी निचरा असला पाहिजे. करपलेला भाग केवळ पश्चिमेकडच्या किंवा भिंतीकडच्या झावळ्यांवर असेल तर तो उन्हाचा आणि तापलेल्या भिंतीचा परिणाम आहे, आणि त्यावर खत हा उपाय नाही.

मुळांचा गोळा

मेलेला पाम उपटून फेकून देण्यापूर्वी त्याचा खड्डा उकरून पाहावा, एवढी एक गोष्ट केली तरी पुढचे रोप वाचण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रातल्या अनेक रोपवाटिकांत येणारे पाम आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रवरमजवळच्या कडियम परिसरातून येतात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या दमट हवेत ते चिकट लाल मातीत, पॉलिथिनच्या पिशवीत वाढवलेले असतात. असे रोप काळ्या मातीच्या खड्ड्यात तसेच ठेवले की दोन वेगळ्या माती एकमेकींना लागून राहतात, पण एकजीव होत नाहीत. मे महिन्यात असा खड्डा उकरला की पिशवीच्या आकाराचा लाल गोळा जसाच्या तसा बाहेर येतो, त्याच्या तळाशी मुळे गोल गोल फिरलेली असतात, एकही पांढरी मुळी बाहेरच्या मातीत शिरलेली नसते, आणि आजूबाजूची काळी माती हाताला ओली लागत असताना तो गोळा फोडला तर आतून विटेसारखा कोरडा ठणठणीत निघतो. वर आळ्यात पाणी साचलेले दिसते, म्हणून मालकाला वाटते की पाणी पुरेसे आहे. प्रत्यक्षात काळी माती पाणी धरून ठेवते आणि गोळा तहानेने मरतो.

यावर उपाय लागवडीच्या वेळीच करावा लागतो. रोप लावण्याच्या आदल्या दिवशी पिशवीसकट पाण्याच्या टबात ठेवून गोळा आतपर्यंत भिजू द्यावा, लावताना पिशवी पूर्ण काढावी, तळाशी गुंडाळलेली मुळे हलक्या हाताने मोकळी करावीत आणि गोळ्याच्या बाहेरची लाल माती बोटांनी अलगद खरवडून काढावी. बिस्मार्कियाच्या बाबतीत मात्र मुळांना हात लावू नये, कारण त्याला मुळे दुखावलेली अजिबात सोसत नाहीत. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा, आणि तोही गोळ्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद, म्हणजे पामाची आडवी पसरणारी मुळे भुसभुशीत मातीत शिरतील. पहिल्या उन्हाळ्यात पाणी आळ्याच्या कडेला न देता थेट गोळ्यावर, खोडाच्या जवळ द्यावे. ठिबकची नळी असेल तर तिचे एक तोंड गोळ्यावर आलेच पाहिजे.

खोलीबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. वाऱ्याने हलू नये म्हणून पाम खोल पुरण्याची रीत फार रूढ आहे आणि ती घातक आहे. मुळे जेथे खोडाला मिळतात तो भाग जमिनीच्या पातळीलाच राहिला पाहिजे. तो खाली गेला तर मुळांना हवा मिळत नाही, नवी झावळी पिवळी पडू लागते, आणि एखाद्या वर्षात झाड जाते, तरी लागवडीतल्या खोलीकडे कोणाचे लक्षही जात नाही. आधार हवा असेल तर बाहेरून बांबू लावावेत, मात्र खोडात खिळा कधीही ठोकू नये. पामाच्या खोडावरची जखम आंब्या-वडासारखी भरून येत नाही. ती आयुष्यभर तशीच उघडी राहते.

माती तपासणे

कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा इतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून मातीचा सामू (पीएच) आणि क्षारता मोजून घेणे सर्वांत चांगले. तोवर घरी एक सोपी परीक्षा करता येते. खड्ड्याच्या तळाची मूठभर वाळलेली माती बशीत घेऊन तिच्यावर स्वयंपाकघरातले व्हिनेगर टाकावे. माती सोड्यासारखी फसफसली तर तीत मुक्त चुनखडी आहे, आणि अशा मातीत नव्या झावळ्या पिवळ्या पडण्याची तक्रार कायम राहील असे समजून चालावे. साधे फेरस सल्फेट तेथे घातल्यास ते थोड्याच दिवसांत बांधले जाते. बाजारात लोहाचे जे चिलेट, म्हणजे लोह मातीत बांधले जाऊ नये असे संयुग, मिळते त्यात ईडीटीए आणि ईडीडीएचए असे दोन प्रकार असतात, त्यांपैकी चुनखडीच्या मातीत दुसराच टिकतो. तो महाग असतो, म्हणून दुकानदार पहिला पुढे करतो. गंधकाची भुकटी आणि भरपूर शेणखत यांनी सामू थोडा उतरतो, पण चुनखडीचे प्रमाण जास्त असेल तर संपूर्ण बागेची माती बदलत नाही, आणि दरवर्षी लोहाची आळवणी करीत बसण्यापेक्षा त्या मातीला मानवणारे झाड लावणे शहाणपणाचे ठरते.

खताच्या बाबतीत १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले, सर्वांना ठाऊक मिश्रण पामांसाठी योग्य नाही. फ्लोरिडा विद्यापीठाने बागेतल्या पामांसाठी नत्र ८, स्फुरद २, पालाश १२ आणि मॅग्नेशियम ४ असे प्रमाण सुचवले आहे. ते तेथल्या वाळूच्या जमिनीसाठी असल्याने आपल्या काळ्या मातीत जसेच्या तसे उचलू नये, परंतु पामाला स्फुरद कमी आणि पालाश व मॅग्नेशियम अधिक लागते, ही दिशा सर्वत्र खरी आहे. पालाशासाठी क्लोराइडयुक्त म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे, विशेषतः पाणी आधीच खारट असेल तेव्हा. उन्हाळ्यात करपलेल्या झाडाला नत्र घालून जोर आणण्याचा प्रयत्न करू नये. कोवळी पालवी फुटते आणि तीही करपते.

पावसाळ्यात मरणारे पाम

काही बागांत तक्रार उलट असते: उन्हाळा निभावतो आणि ऑगस्टमध्ये झाड जाते. मधला पोगा ढिला झाला, ओढल्यावर सहज हातात आला आणि बुडाशी दुर्गंधी येत असेल तर कोंब कुजला आहे. फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा या रोगकारकामुळे हे होते. नारळाच्या बागायतदारांना तो चांगलाच परिचित आहे. एकखोडी पामाला वाढीचा कोंब एकच असतो, तो पूर्ण कुजला तर झाड संपले. सुरुवातीलाच लक्षात आल्यास कुजलेला भाग निरोगी भागापर्यंत कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुना यांचा लेप) लावावी आणि त्यावर पावसाचे पाणी जाणार नाही असे झाकावे. शेजारच्या पामांवर पावसाळ्यापूर्वी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.

नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे काप दिसले तर तो गेंड्या भुंग्याचा प्रताप आहे, आणि त्याचे घर बहुधा आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात असते. खड्डा उलथून अळ्या वेचाव्यात, त्यात मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मिसळावी, आणि झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू यांचे मिश्रण भरावे. सोंड्या भुंगा याहून वाईट. तो जखमेच्या वासाने येतो, खोडाच्या आत अळ्या वाढतात आणि बाहेर भोकातून तपकिरी स्राव व चघळलेला चोथा दिसेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते. म्हणूनच पावसाळ्यात हिरव्या झावळ्या छाटू नयेत.

सायकसची नवी पाने दरवर्षी फुटताच कुरतडली जात असतील तर ते काम प्लेन्स क्युपिड या छोट्या निळसर फुलपाखराच्या अळ्यांचे असते. पालवी निघाल्यापासून ती टणक होईपर्यंत झाडाला बारीक जाळी बांधणे पुरते. सायकस हा पाम नाही, ट्रॅव्हलर्स पाम म्हणून विकले जाणारे पंख्यासारखे झाडही पाम नाही, त्यामुळे वर दिलेली खताची आणि छाटणीची पथ्ये त्यांना तशीच लावू नयेत.

कोठे काय लावावे

मोकळ्या, पश्चिमेच्या उन्हात, भारी काळ्या किंवा मुरमाड जमिनीत आणि मोजक्या पाण्यावर शिंदी व ताड हे आपल्या मातीतले पाम सर्वांत खात्रीचे आहेत. रोपवाटिकेत ते क्वचित मिळतात, कारण त्यांना कोणी शोभेचे मानत नाही, आणि ही मला खेदाची बाब वाटते. वयात आलेल्या शिंदीचा भरगच्च निळसर हिरवा गोल माथा कोणत्याही आयात केलेल्या पामाला हार जात नाही. तिच्या झावळीच्या बुडाशी लांब काटे असतात, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ती दूर हवी. ताडाची वाढ अतिशय संथ असते आणि सोटमुळासारखा खोल जाणारा कोंब असल्याने त्याचे बी थेट जागेवरच लावावे. जागा मोठी असेल तर मादागास्करच्या कोरड्या माळांवरचा रुपेरी बिस्मार्किया अवश्य लावावा, मात्र त्याचा पसारा लक्षात घेऊन भिंतीपासून निदान चार मीटर अंतर ठेवावे. वॉशिंग्टोनिया वाळवंटी हवेतला आहे आणि उन्हाला दाद देत नाही, पण तो वीस मीटरच्या वर जातो. विजेच्या तारांखाली तो लावणाऱ्याची गैरसोय पुढची पिढी सोसते.

रॉयल पाम, फॉक्सटेल आणि बॉटल पाम ही मधली फळी आहे. पाणी नियमित असेल, माती फार चुनखडीची नसेल तर ते देशावर उत्तम येतात. रॉयल पाम मूळचा क्युबा आणि आसपासच्या प्रदेशातला, त्याला पाणी पुष्कळ लागते आणि त्याची वाळलेली झावळी वजनदार असते, म्हणून मोटारी लावण्याच्या जागेवर तो नको. फॉक्सटेल ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या केप मेल्व्हिलच्या खडकाळ, निचऱ्याच्या जमिनीत वाढतो, त्यामुळे थोडा कोरडेपणा त्याला सोसतो, साचलेले पाणी मात्र सोसत नाही. भारी मातीत तो दीड-दोन फूट उंच वाफ्यावर लावावा. मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा बॉटल पाम कोरडेपणा सहन करतो, थंडी मात्र त्याला बाधते, आणि निफाडसारख्या ठिकाणी, जेथे पारा काही वर्षी ५ अंशांच्या खाली जातो, तेथे त्याची पाने डिसेंबर-जानेवारीत तांबूस पडतात.

सर्वाधिक विकला जाणारा आणि सर्वाधिक करपणारा पाम म्हणजे अरेका. तो वाईट नाही, त्याला चुकीच्या जागी उभे केले जाते. इमारतीच्या पूर्वेला, दुपारी बारानंतर सावली येईल अशा ठिकाणी, पाचोळ्याच्या जाड आच्छादनावर तो नागपुरातही चांगला राहतो. रॅपिस आणि कॅमेडोरिया यांना तर थेट ऊन नकोच, त्यांच्यासाठी उत्तरेची बाजू किंवा मोठ्या झाडाची छाया हवी. लाल देठांचा लिपस्टिक पाम आणि घडीदार गोल पानांचा लिक्युआला हे मात्र घाटाच्या या बाजूला, म्हणजे देशावर, आणूच नयेत. लिपस्टिक पाम मलाया-सुमात्राच्या दलदलीतला आहे. सिंधुदुर्ग, गोवा, रत्नागिरी येथे पाणथळ कोपऱ्यात, वाऱ्यापासून आडोशाला तो खरोखर देखणा होतो, आणि तेथल्या माणसांनी तो जरूर लावावा.

भेरली माड हा आपल्या सह्याद्रीतला पाम शोभेसाठी लावताना एक गोष्ट माहीत असावी. तो वाढ पूर्ण झाल्यावर वरून खाली अशा क्रमाने एकेक फुलोरा टाकतो आणि खालचा शेवटचा घोस पिकला की मरतो. हा रोग नाही आणि त्याला उपाय नाही. ज्यांना हे माहीत नसते ते त्या काळात त्याच्यावर औषधांचा मारा करीत राहतात.

पामांच्या खालच्या जागेतही हीच चूक होते. हेलिकोनिया, कॅलेथिया आणि टॉर्च जिंजर देशावरच्या कोरड्या वाऱ्यात फाटतात आणि कडेने जळतात. त्यांच्या जागी पेवा, भुईचाफा आणि रानहळद लावून पाहावी. ही झाडे पावसाळ्यात रुंद, हिरवीगार पाने देतात आणि कोरडा काळ आला की पाने टाकून जमिनीखाली कंदाच्या रूपात राहतात. ती मेली असे समजून मार्चमध्ये वाफा खणून टाकू नये, तेथे एक खूण रोवून ठेवावी. बारमाही हिरवे हवे असेल तर नागदवणा कडक उन्हातही तग धरतो, सांडपाण्याची ओल असेल तेथे करदळ आणि सोनटक्का चांगले येतात, आणि उंचीसाठी पांढरा चाफा आहेच.

रोप घेताना सर्वांत उंच रोपाचा मोह टाळावा. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आलेली, हिरव्या जाळीखाली लांबट वाढलेली रोपे स्वस्तात मिळतात आणि पहिल्याच उन्हात करपतात. बुटके, बुडाशी जाड, उघड्यावर ठेवलेले रोप घ्यावे, पोगा घट्ट आहे की नाही ते हलवून पाहावे, आणि रोप नेमके कोठून आले व जाळीबाहेर किती दिवस आहे ते विचारून घ्यावे. जाळीखालून आणलेले रोप दोन-तीन आठवडे अर्ध्या सावलीत ठेवून मगच उन्हात न्यावे. लागवड पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर, म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून जुलैपर्यंत उरकावी, म्हणजे मुळांना पुढच्या मार्चपर्यंत आठ महिने मिळतात. पहिल्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीच्या मध्यापासूनच, पश्चिमेच्या बाजूने पन्नास टक्के सावली देणारी जाळी उभी करावी आणि चार इंच पाचोळा आळ्यात पसरावा, मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये. दुसऱ्या वर्षी जाळी काढता येते. तोवर झावळ्यांच्या टोकांकडे फार लक्ष न देता पोग्याकडे पाहावे: त्याच्यावर तळाशी पेनाने एक रेघ ओढावी, आणि दोन-तीन आठवड्यांत ती शेजारच्या झावळीच्या बुडापेक्षा वर सरकलेली दिसली तर मुळे चालू आहेत आणि झाडाला आहे तेथेच राहू द्यावे.